नंबर जुळला, नाव जुळेना

माझ्या बायकोची मूठ सकाळी किती मिनिटांनी मिटते, याची मी वही ठेवली होती. कोणी हसेल म्हणून ती देवघराखालच्या खणात, पंचांगाच्या खाली सरकवून ठेवायचो. रकाने चार: तारीख, जाग आली ती वेळ, मूठ पूर्ण मिटली ती वेळ आणि मधली मिनिटं. पाचवा रकाना हाताच्या सवयीनं पडला होता: तपासणाऱ्याची सही.

मी रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कंपनीत, माल बाहेर पाठवायच्या विभागात चोवीस वर्षं आहे. ड्रमवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला पाहिजे, ड्रमवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं पाहिजे. दोन्ही जुळलं की मी सही करतो, मगच गेट उघडतं. सहीशिवाय रकाना पुरा झाला असं मला वाटतच नाही, मग तो घरचा का असेना.

दिवाळीनंतरची पहिली नोंद अशी आहे: जाग पाच पन्नास, मूठ सात पाच, मिनिटं पंचाहत्तर.

ही पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. मूर्तीचं अंग रंगवायला, सोवळ्याला सोनेरी काठ ओढायला बरेच हात असतात. डोळ्यांना मोजकेच. भुवई थोडी चढली तर गणपती रागावलेला दिसतो, बुबुळ थोडं खाली आलं तर झोपेतून उठल्यासारखा. हिनं एकोणीस हंगाम डोळे काढले आहेत. त्यातही साडेचार फुटांची एक मूर्ती दरवर्षी समुद्रापलीकडे, तिकडच्या आपल्या लोकांच्या मंडळाकडे जाते. बोटीनं जायची म्हणून ती उन्हाळ्यातच तयार व्हावी लागते. त्या मूर्तीचे डोळे हिचेच, हे कारखान्यात न बोलता ठरलेलं.

त्या वर्षी बोटांचे सांधे सुजले. पनवेलच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आमवात सांगितला, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली आणि स्पष्ट सांगितलं की फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील. गोळी घेतली की दुसरा दिवस मळमळीत जायचा. संक्रांतीच्या सुमाराला कारखान्याचे मालक घरी आले. चांगला माणूस. पाणी प्यायले, तिळगूळ घेतला आणि उठता उठता म्हणाले, "वैनी, मोठ्या मूर्तीसाठी अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघतो. नायच जमलं तर दुसऱ्याकडून करून घ्यावं लागंल. मनाला नका लावून घेऊ."

ही "व्हय, व्हय" म्हणाली. ते गेल्यावर तिनं आपले ब्रश काढले आणि धुतलेले होते ते परत धुतले.

शेजारच्या काकू खारेपाटातल्या, वयानं आमच्याहून मोठ्या आणि आवाजानं त्याहून मोठ्या. त्यांनी ते बघितलं. "अगो, रडतेस काय? वडखळला नाडीवाला येतो रविवारी. माझ्या जावेची कंबर बसली होती, आता शेतात वाकते. चल माझ्यासंगती."

मी म्हटलं, "त्याची नोंदणी हाय काय?"

"ऐका ह्याचं! अरे, तो वैद्य हाय, मोटारसायकल नाय!"

रविवारी आम्ही तिघं विक्रम रिक्षातून वडखळला गेलो. एका हॉटेलामागचा हॉल भाड्यानं घेतलेला, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तीसेक माणसं, पुढे शाल पांघरलेला गृहस्थ. हिच्या मनगटावर त्यानं दोन बोटं ठेवली, डोळे मिटले, रक्ताच्या तपासणीचे कागद मी पुढे केले तर हातानंच बाजूला सारले. "इंग्रजी गोळ्या आजपासून बंद. सगळ्या." आणि काळ्या पुडीची तीन पाकिटं दिली.

मी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. बनवणाऱ्याचं नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही, बॅच नाही. आमच्याकडे रिकामा ड्रमसुद्धा असा बाहेर जात नाही.

"वैद्यबुवा, आपली पदवी? नोंदणीचा नंबर?"

"आमची परंपरा सात पिढ्यांची आहे."

"मग सातांतल्या एकाचा तरी नंबर असंल."

मागच्या खुर्च्यांवर दोघं-तिघं हसले. शाल जरा हलली. मग त्यानं खिशातून एक कार्ड काढून माझ्यापुढे टाकलं. खाली खरोखरच एक नंबर छापलेला होता. मी तो तिथंच खिशातल्या डायरीत उतरवून घेतला, आणि काकूंनी कपाळाला हात लावला.

परतताना रिक्षाभर मला ऐकून घ्यावं लागलं. "दुखतंय कोणाला नि चौकशी कोणाची! मी तुझ्या जागी असते गो, तर ह्याला इथंच सोडून गागोद्याला माहेरी गेले असते." पाकिटं मांडीवर घेऊन ही बाहेर बघत होती. घरी आल्यावर मी तिच्याकडे चार दिवस मागितले. चार दिवस पुडी उघडायची नाही, गोळी थांबवायची नाही.

"आणि चार दिवसांत तुम्ही काय करनार?"

"नंबर तपासतो."

"तपासा," ती म्हणाली. त्या एका शब्दात फार काही होतं.

वैद्य असो वा वैद्यबाई, आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या प्रत्येकाची राज्याच्या परिषदेकडे नोंद असते आणि ती संकेतस्थळावर बघता येते, इतकं मी शोधून काढलं होतं. तिथं नंबर टाकला. काही आलं नाही. कार्डावरचं नाव टाकलं. काही आलं नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी परिषदेच्या कार्यालयाला फोन लावला. अकरा वेळा लागला नाही. बाराव्या वेळी एका बाईंनी उचलला. नंबर ऐकून त्या म्हणाल्या, "आमचे नंबर असे नसतातच हो." मग माझा आवाज ऐकून की काय, त्यांनी स्वतःहून समजावलं: पदवी वेगळी आणि नोंदणी वेगळी, दोन्ही बघा, नोंदणीचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं, ते झालंय का बघा, आणि नंबर ज्याच्या नावावर आहे तोच माणूस समोर बसलाय का, ते बघा.

मी हे सगळं एका जुन्या गेटपासच्या पाठीवर लिहून घेतलं. इतका खूश झालो की दुपारी दोन ट्रक मी गुणगुणत सोडले. संध्याकाळी घराच्या पायऱ्या चढताना मात्र गुणगुणणं थांबलं. खोटा कोण ते कळलं होतं. खरा कोण, ते कुठं कळलं होतं?

हिनं ऐकून घेतलं, तिन्ही पाकिटं कचऱ्यात टाकली आणि म्हणाली, "बरोबर हाय तुमचं. तुम्ही असेच जगातले सगळे खोटे शोधून काढा. तवर माझी बोटं वाकडी होतील."

त्या दिवसाची नोंद बहात्तर मिनिटं आहे. सही जरा तिरकी आली आहे.

त्याच आठवड्यात विभागातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं, रोह्याच्याच, मला एका वैद्यबाईंबद्दल सांगितलं. "बाईंच्या हाताला गुण आहे. जा."

"नंबर काय त्यांचा?"

"नंबर कसला विचारतोस, माझी आई जिना चढायला लागली!"

दुसऱ्या दिवशी तीन वाजताच सुट्टी घेऊन मी मोटारसायकल घेऊन रोह्यात गेलो. कापडदुकानाच्या वर पहिल्या मजल्यावर दवाखाना, निळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, रंग अजून कोरा करकरीत. नाव, पदवी, पदवीपुढची पदवी, आणि खाली नोंदणीचा नंबर. न मागता, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या आकारात! मी समोरच्या बाजूला गाडी लावली आणि हेल्मेटही न काढता नंबर मोबाइलवर टाकला.

नंबर सापडला.

मला ते क्षण अजून आठवतात. पदवी तीच. नोंदणी चालू, पुढची तीन वर्षं मुदत शिल्लक. मी गाडीवरच उड्या मारायचा बाकी होतो. मग वर नावाकडे पाहिलं. पाटीवर तीन शब्द, मोबाइलवर तीन शब्द. पहिला वेगळा. दुसरा वेगळा. तिसरा वेगळा.

माझ्या धंद्यात नंबर न जुळणं हे वाईट असतं, पण नंबर जुळून नाव न जुळणं त्याहून वाईट. पहिल्यात कोणाची तरी चूक असू शकते. दुसऱ्यात कोणी तरी दुसऱ्याचं लेबल आपल्या ड्रमवर चिकटवलेलं असतं. वडखळचा तो निदान गचाळ खोटा होता. ही बाई चांगली निळी पाटी लावून, कोणा दुसरीच्या नंबरावर, भरवस्तीत बसली होती! भिसे खिंड ओलांडताना माझ्या मनात तक्रारीचा अर्धा मजकूर तयार झाला, आणि वडखळच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा उरलेला अर्धा.

घरी आलो तेव्हा ही आणि काकू पडवीत वालाचं बिरडं सोलत होत्या. खरं तर काकू सोलत होत्या, ही दाणे बाजूला करत होती. मी चप्पल न काढताच सुरुवात केली. पाटी, नंबर, मुदत, तीन शब्द, चोरलेला नंबर. उद्याच कळवतो परिषदेला, म्हटलं.

हिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "बाई हाय का बाप्या?"

"बाई."

"लगीन झालेली?"

"मला काय ठाऊक? पाटीवर लग्नाचं लिहीत नायत."

काकूंच्या हातातलं बिरडं ताटात पडलं. त्या आधी खोकल्यासारखं काहीतरी करायला लागल्या आणि मग पदर तोंडाला लावून हलायला लागल्या. ही उठली, आत गेली, कपाटातली प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीतून तिनं एक पिवळा पडलेला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. तिचा शाळा सोडल्याचा दाखला.

"वाचा नाव."

मी वाचलं.

"आता माझं आधार कार्ड काढा. वाचा."

तीन शब्द. पहिला वेगळा, दुसरा वेगळा, तिसरा वेगळा.

"कळवा मग," ती म्हणाली. "परिषदेला कळवा, पोलिसाला कळवा. तुमच्या घरात सव्वीस वर्षं खोटी बाई राहते!"

काकूंना आता धरवेना. "अगो बाई... ह्यानंच लिवलं असंल की गो तुझं नाव, तांदळात!"

"यांनीच. अंगठीनं. आणि अर्धे तांदूळ सांडले ते वेगळेच."

सांडले होते हे खरं. लग्न गागोद्याला झालं होतं, वरात आमच्या घरी आली, लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरून माझ्यापुढे ठेवले आणि माझ्या मोठ्या बहिणीनं कानात एक नाव सांगितलं. ते मी सोन्याच्या अंगठीनं तांदळात लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, आणि अठरा वर्षं ज्या नावानं तिला हाका मारल्या गेल्या ते नाव त्या ताटापाशी थांबलं. आमच्याकडे असंच होतं, म्हणून मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. इतकं काही वाटलं नव्हतं, की रोह्याच्या रस्त्यावर हेल्मेट घालून उभा असताना, जे मी स्वतः केलं होतं तेच मला सुचलं नाही. चोरी सुचली. आणि नवं नाव तिला आवडलं होतं का, हे मी सव्वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, हेही त्याच क्षणी लक्षात आलं. ते मात्र मी बोललो नाही.

बोललो ते असं: "तरीपण हा अंदाज झाला. पुरावा नाय."

"मग पुरावा आणायला मला संगती घेऊन चला," ती म्हणाली. सांधे सुजल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज असा फणकारल्यासारखा आला होता, आणि मला तो फार बरा वाटला.

शनिवारी आम्ही एसटीनं निघालो. मोटारसायकलवर मागे बसून तिला धरवलं नसतं. खिंडीतल्या रस्त्याचं काम चालू होतं म्हणून गाडी खांब, कोलाड या गावांवरून वळसा घालून गेली. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत तिचे सगळे कागद, त्यांच्या वर वही आणि गेटपासवर लिहिलेले ते मुद्दे. ते मी वाटेत चार वेळा वाचले. ही म्हणाली, "पाठ झालं असंल तर जरा बाहेर बघा."

वैद्यबाई पस्तिशीच्या असतील. आम्ही बसलो. मी प्रश्न विचारायला घसा साफ केला, पण पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, हिला.

"सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली राहतात?"

हिनं माझ्याकडे बघितलं. मी पिशवीत हात घातला. तीन महिने जी वही मी पंचांगाखाली लपवत होतो, ती टेबलावर ठेवली.

बाईंनी ती उघडली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग खुर्ची पुढे ओढून पहिल्या नोंदीपासून शेवटपर्यंत सगळी वाचली. "हे रोज लिहिलंय तुम्ही? मला पेशंट सांगतात 'जरा वेळ', नाहीतर 'खूप वेळ'. कोणी मिनिटं सांगत नाही." मग थोडं थांबून, "आणि ह्या सह्या कोणाच्या?"

"माझ्या."

"कशासाठी?"

ही म्हणाली, "त्यांना सहीशिवाय जेवण जात नाय."

त्यांनी रक्ताचे कागद ओळ न ओळ पाहिले. एकेक सांधा हलक्या हातानं दाबून पाहिला. तेल लावता का विचारलं. काकूंच्या सांगण्यावरून ही रोज रात्री तिळाचं तेल चोळायची. बाई म्हणाल्या, सूज आहे तोवर तेल अजिबात नको, वाळू भाजून पुरचुंडीत बांधून कोरडा शेक द्या. मग औषध लिहिण्याआधी त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पनवेलची गोळी चालू आहे ना?"

"चालू हाय. पण मळमळतं."

"मळमळीचं आपण बघू. गोळी बंद करायची नाही. मी त्या डॉक्टरांशी बोलते, माझं काय चालू आहे ते त्यांना ठाऊक पाहिजे. आणि यकृताची तपासणी झाल्याशिवाय मी एकही औषध देणार नाही."

वडखळला 'सगळ्या बंद' आणि इथं 'बंद करायची नाही'. मी ऐकतच राहिलो. इतका ऐकत राहिलो की ज्या कामासाठी गाडीनं वळसा घालून आलो होतो तेच विसरलो. दही बंद झालं, दुपारची झोप बंद झाली, आणि वाल बंद झाले तेव्हा ही कळवळून म्हणाली, "वाल बंद? बाई, मी गागोद्याची हाय. वालावरच वाढले. मग जगायचं कशावर?" बाई म्हणाल्या, "मुगावर." तेवढ्यात हिनं मला कोपरानं ढोसलं. "विचारा की आता. एवढं आलात ते कशाला?"

मी उभा राहिलो. बसून विचारायला बरं वाटेना. "मॅडम, राग मानू नका. पाटीवरचा नंबर मी तपासला. नंबर बरोबर आहे, मुदत बरोबर आहे. नाव जुळत नाही."

त्या हसल्या. "नंबर तपासून येणारे तुम्ही दुसरे."

"पहिले कोण?"

"माझे सासरे. मला बघायला आले होते तेव्हा."

त्या उठल्या आणि दार लोटून बंद केलं. दार उघडं असलं की झाकली जायची त्या भिंतीवर दोन चौकटी होत्या. एकीत नोंदणीचं प्रमाणपत्र: फोटो त्यांचाच, वय कमी, दोन वेण्या, नंबर पाटीवरचा, नाव मोबाइलवरचं. दुसरीत राजपत्राचं पान: जुनं नाव अमुक, नवं नाव तमुक. मी एक बोट एका चौकटीवर आणि दुसरं दुसरीवर ठेवलं आणि अक्षर अक्षर वाचत गेलो. जुनं नाव प्रमाणपत्राशी. नवं नाव पाटीशी. नंबर नंबराशी.

"जुळलं!" मी ओरडलोच. बाहेर बसलेल्यांपैकी कोणीतरी दार उघडून आत डोकावलं.

बाई म्हणाल्या, परिषदेकडे नाव बदलायचा अर्ज करायचा राहूनच गेला. आधीची पाटी जुन्या नावाची होती. ही नवी सासूबाईंनी हौसेनं करून आणली, सुनेच्या नावाची. मी मनात ठेवू शकलो असतो, पण मला ते जमत नाही. "मॅडम, नोंदणीत जे नाव आहे ते पाटीवर पाहिजेच. नाहीतर एखादा खालूनच परत जाईल."

"तुमच्यासारखे फार नसतात हो, काका."

"एक गेला होता की," ही म्हणाली. "मीच परत आणला."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा पाटीवर दोन नावं होती. माहेरचं लहान अक्षरांत, कंसात, पण होतं.

त्यानंतर वही पंचांगाखाली ठेवायचं मी सोडलं असं म्हणवत नाही, ठेवतच होतो. पण रोज सकाळी ती काढताना हात भरभर चालायचा. माघात सत्तर. मग पासष्ट, परत सत्तर. शिमग्याच्या आधी पन्नास. पन्नास लिहिताना मी ते आकडे दोनदा गिरवले. यातलं पनवेलच्या गोळीचं किती, रोह्याच्या काढ्याचं किती, वाळूच्या शेकाचं किती आणि न खाल्लेल्या वालाचं किती, हे मला विभागून सांगता येणार नाही. बाईंनाही मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मलाही सांगता येणार नाही. दोघांचं मिळून चाललंय, एवढं पुरे." असं उत्तर देणारा माणूस मला कधीही चालतो. चैत्रात तीस. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काकू येऊन म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं, रोह्याला जा."

अक्षय्य तृतीयेला तीन दिवस असताना ही म्हणाली, "उद्या जाते कारखान्यात."

मी रजा टाकली. सकाळी माझी इतकी धांदल उडाली होती की दोन्ही पायांत वेगळ्या चपला घालून मी कोपऱ्यापर्यंत गेलो. बोटं अकराच्या सुमाराला सगळ्यात मोकळी असतात, हे हिच्या सांगण्यावरून ठाऊक होतं, म्हणून अकराला पोचलो. मालकांनी मोठ्या मूर्तीवरचं फडकं काढलं. साडेचार फूट, रंग पुरा झालेला, पितांबर लकाकणारं, आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन पांढरे बदाम. बिनडोळ्यांची मूर्ती माणसाकडे बघत नाही, पण माणसाला तिच्यावरून नजर काढता येत नाही.

ही आधी एका चीर गेलेल्या छोट्या मूर्तीपुढे बसली. तिच्यावर तिनं डोळे काढले, पुसले, परत काढले. पहिल्या वेळी रेघ थरथरली. दुसऱ्या वेळी बुबुळ उतरलं. मालक माझ्याकडे बघेनात, मी मालकांकडे बघेना. तिसऱ्या वेळी तिनं ब्रश बोटांत जरा मागे धरला, हातभर लांबून बघितलं आणि म्हणाली, "पंखे बंद करा."

धूळ ओल्या रेघेवर बसू नये म्हणून आखणीच्या वेळी पंखे बंद करतात. सगळे थांबले. रंगाच्या डब्यांपाशी बसलेल्या बायकाही हात थांबवून बघायला लागल्या. ही स्टुलावर चढली, डावा हात मूर्तीच्या खांद्यावर टेकला, उजवा उचलला. वरची रेघ एका दमात गेली. मग भुवई. मग बुबुळ, आणि बुबुळात पांढरा थेंब. खाली उतरून तिनं हात दोनदा झाडला, बोटं मिटली, उघडली. मी माझीही मूठ तिच्याबरोबर मिटत-उघडत होतो, ते मला मालकांच्या हसण्यावरून कळलं. परत चढली. दुसरा डोळा.

मालक तीन पावलं मागे गेले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. "वैनी, कुठनंही बघा, माझ्याकडेच बघतोय."

"मग पंखा लावा आता," ही म्हणाली. "उकडून मेले."

घरी येऊन जेवलो. तेव्हा आठवलं, सकाळच्या धांदलीत मी वही काढलीच नव्हती. इतक्या महिन्यांत पहिला खाडा! मी घाईनं खण उघडला, पंचांग उचललं, पान काढलं.

त्या तारखेची ओळ भरलेली होती. जाग पाच पंचेचाळीस. मूठ सहा तीन. मिनिटं अठरा. अक्षर माझं नव्हतं. गोल, जरा दाबून काढलेलं, शाळेतल्यासारखं. पाचव्या रकान्यात सही होती, दाखल्यावरच्या नावाची, पहिल्या शब्दापासून तिसऱ्यापर्यंत पूर्ण.

ती स्वयंपाकघरात मूग निवडत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो आणि त्या नावानं तिला हाक मारली. तिनं वर बघितलं नाही.

"काय हाय?" म्हणाली. "मिनिटं बरोबर हायत. मी घड्याळ लावलं होतं."

मी परत येऊन वही मिटली आणि पंचांगाच्या वर ठेवली.